कारवीची नोंद कोणी ठेवायची?

सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. एवढे दीर्घ चक्र दोन-तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पात मावत नाही. ते कारवीच्या कुडाची घरे उभारणाऱ्या डोंगरी कष्टकऱ्यांच्या स्मरणातच टिकते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या स्थानिक समित्यांचे मुख्य काम लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हेच आहे. परंतु ही नोंदवही ठेकेदाराकडून भरून घेतली, तर ते लोकविज्ञान नव्हे, निव्वळ कागदी सोपस्कार होय. फुलोऱ्याची तारीख व जागा गावकऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी स्वतः टिपावी, ग्रामसभेत वाचावी. नोंद ज्याच्या हाती, त्याचाच शब्द डोंगराविषयीच्या निर्णयात चालतो. म्हणूनच कार्यकर्त्यांनी हे काम क्षुल्लक मानू नये.