माशांना पंचांग कळत नाही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण चकल्यांवर ताव मारीत असतो, तेव्हा माझा भाचा प्रयोगशाळेत झेब्रा माशांना चारा घालीत असतो. दीडएक इंचाचा, निळ्या पट्ट्यांचा हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते; म्हणून तो विद्वानांचा लाडका!

लाड मात्र भाच्याने करायचे. पाणी २८ अंशांवर आहे ना, त्यात अमोनिया साचला नाही ना, हे तो पाहतो. संध्याकाळी नर-मादीमध्ये आडपडदा घालतो. सकाळी दिवे लागल्यावर तो काढतो, तेव्हा कुठे अंडी पडतात. शेकडो माशांतला सुस्तावलेला एक त्याला दुरून कळतो. दुखणाईत माशाला मरण देण्याचे कामही त्याच्याकडेच. त्या दिवशी तो घरी फारसा बोलत नाही.

“पगार मिळतो ना?” असे विचारणारे सद्गृहस्थ मला भेटतात. अहो, पगार विद्वानालाही मिळतो. मग त्याचे नाव का छापता? अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली याच माशावरचा गाजलेला निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर दुसरे नाव त्यांच्या सहायिका चार्लीन वॉकर यांचे आहे. आकाश कोसळले नाही! माझ्या भाच्याच्या वाट्याला शेवटच्या ओळीतले ‘कर्मचाऱ्यांचे आभार’ आले, तेही निनावी.

निबंधकार महाशय, यंदा पाडव्याची पाळी आपण घ्या. चाऱ्याचा डबा कुठे असतो, तेवढे त्यालाच विचारावे लागेल. निदान तेव्हा त्याला नावाने हाक मारा.