रमजानमधला एक तास

रमजान आला की सरकारी कचेरीतल्या एका तासावरून वाद ठरलेला. 2025 मध्ये तेलंगण सरकारने मुस्लिम कर्मचाऱ्यांना चार वाजता घरी जाण्याची मुभा दिली आणि लांगूलचालनाचा आरोप झाला. त्याआधी 2022 मध्ये दिल्ली जल बोर्डाने रोज सुमारे दोन तासांची सवलत दिली होती. टीका होताच ती मागे घेतली. बिहारने 2023 मध्ये जरा वेगळे केले. तासभर लवकर यावे, तासभर लवकर जावे, काम तेवढेच. तरीही तिथल्या भाजपने नवरात्र, रामनवमीसाठी अशीच सोय मागितली.

मागणी चिडून केलेली असेल, पण तिच्यात तथ्य आहे. एका समाजाचे नाव घालून काढलेल्या परिपत्रकाचा भार शेवटी त्याच समाजातल्या कर्मचाऱ्यावर पडतो. तो चार वाजता उठतो, त्याच्या खिडकीपुढची रांग शेजारच्याकडे वळते आणि शेजारच्याच्या मनात हिशेब सुरू होतो. त्या शेजाऱ्याचीही अडचण असू शकते. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन कर्मचाऱ्यालाही घड्याळ तेवढेच छळते. (एकाला सूर्य मावळायच्या आत जेवायचे, दुसऱ्याला मावळल्यावर!)

संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये कामाचे दोन तास कमी होतात, तेही सर्वधर्मीयांसाठी. कोकणातून तिकडे गेलेला हिंदू कामगारही लवकर सुटतो. आपल्याकडे महिनाभर तसे जमणार नाही. मात्र केंद्राच्या कर्मचाऱ्यांना यादीतून वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या निवडता येतात. तीच पद्धत तासांना लावता येईल. वर्षातले ठरावीक दिवस ज्याने-त्याने आपली वेळ पुढे-मागे करावी, कारण विचारू नये, खिडकी उघडी ठेवण्याची पाळी आधी ठरवावी.

मुंबईत राज्य सरकारची कार्यालये सव्वासहाला सुटतात. मार्चमध्ये इफ्तार पावणेसातच्या सुमारास असतो, त्यामुळे मुंब्र्याच्या माणसाचा रोजा बहुधा लोकलमध्येच सुटतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर येईल, त्या डिसेंबरअखेरीस टेबलावरून उठण्याआधीच मगरीबची अजान झालेली असेल.

अर्थात हे सारे पगारदारांपुरते. भिवंडीत मीटरवर मजुरी घेणाऱ्या यंत्रमाग कारागिराचा माग इफ्तारला थांबला, तर तेवढे मीटर त्याच्याच मजुरीतून जातात.