'क्लार्क' या शब्दाची कुळकथा

'क्लार्क' म्हणताच आज दप्तरांच्या ढिगाऱ्यामागे बसलेला अल्पवेतनी कारकून डोळ्यांपुढे उभा राहत असला, तरी ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मध्ययुगीन इंग्लंडातील अर्थ दीक्षित धर्मसेवक असाच होता. साक्षरता बहुतांशी त्याच वर्गापुरती सीमित असल्यामुळे, ज्याला वाचता येते तो क्लार्क, हे समीकरण इतके दृढमूल झाले की, धर्मसेवकांच्या न्यायालयीन सवलतीवर हक्क सांगणाऱ्या गुन्हेगाराकडून बायबलातील ५१ व्या स्तोत्राचे वचन वाचवून घेत, आणि ते वाचता आले म्हणजे त्याचा फास टळे (मुखोद्गत करून आलेले लबाडही त्यात असतच!), ही सवलत कायद्याने पूर्णतः रद्द झाली ती १८२७ साली. पुढे अक्षरओळख सार्वत्रिक होत गेली, लेखणी पोटार्थी झाली, आणि अमेरिकेत तर दुकानातला विक्रेताही क्लार्क ठरला. मात्र ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाला कार्यपद्धतीविषयी सल्ला देणारा प्रमुख अधिकारी अद्यापि 'क्लार्क'च म्हणवतो. या स्थित्यंतराला अर्थभ्रष्टता म्हणून नाके मुरडणाऱ्या पंडितांशी मी सहमत नाही; विद्येची मिरासदारी मोडल्याची ती खूण असून, तिचा खेद मानण्याचे मला तरी काहीच कारण दिसत नाही.