दलित वस्तीचा निधी जादा आहे, बदली नाही!

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. उत्पन्नच नसेल तर आयकर लागत नाही. शेतसारा मात्र दोन बिघ्यांच्या कुणब्यालाही चुकत नाही, ही विषमता त्यांनी सरकारसमोर ठेवली. त्यानंतर २४ दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दुसरी तारीख आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पहिलीही तितकीच आपली आहे, असे आम्हाला वाटते.

ते तळे नगरपालिकेचे होते हे विसरू नका. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्येच ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला, पाणी तळ्यात राहिले. सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, त्याच नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. नगरपालिकेच्या कागदावरचा हक्क किती टिकतो, हे आपल्याला तेव्हाच कळले.

आज तो कागद म्हणजे अंदाजपत्रक. आमच्या नागपूर जिल्ह्यातला खापा घ्या. सावनेर तालुक्यातले कन्हानकाठचे हे विणकरांचे गाव. जवळच गुमगावची मँगनीज खाण. अशा छोट्या नगरपरिषदेची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, तेव्हापासून त्या शासनाच्या अनुदानावर चालतात. म्हणून वस्तीतला माणूस नाली मागायला गेला की ठरलेले उत्तर मिळते : "पैसा कुठे आहे? दलित वस्तीचा निधी आला की करू."

आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे.

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजनेचा निधी कशासाठी आहे? पिढ्यानपिढ्या मागे ठेवलेल्या वस्त्यांचा अनुशेष भरून निघावा म्हणून. म्हणजे गावाला जे मिळते ते या वस्त्यांनाही मिळाले पाहिजे, आणि त्यावर हा निधी जादा. पण घडते काय? बाकीच्या वार्डातला रस्ता सामान्य फंडातून होतो आणि आपला रस्ता "तुमच्या योजनेतून". घरपट्टी मात्र दोन्ही वार्डांतून वसूल होते! आपली घरपट्टी मग कोणाच्या रस्त्यावर लागली? विशेष निधी आला म्हणून सामान्य फंडातला वाटा कापला जात असेल, तर आपल्याला जादा काहीच मिळालेले नाही. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले, आणि वर उद्घाटनाचा फलक लावून उपकार केल्याचा आव आणला.

पैसा नाही ही अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. छोट्या नगरपरिषदांचे हात खरोखर बांधलेले असतात. पण पैसा कमी असला की तो आधी कुठे लावायचा हा प्रश्न जास्त टोकदार होतो. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात अशा शहरांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. तुंबलेली नाली आणि कोरडा नळ कोणत्या वस्तीत जास्त आहेत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे नगरपालिकांकडे सोपवण्याच्या कामांत नमूद आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

हा प्रश्न विचारणारे पहिले जोतीराव. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायला त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, ही त्यांची मागणी होती. सभागृहात एकटे पडले, पण बोलले.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही वर्षे बहुतेक ठिकाणी प्रशासक होते. अंदाजपत्रक बनवणारे आणि मंजूर करणारे एकच. आता सभागृहात माणसे आहेत. राखीव जागेवर निवडून आलेल्या नगरसेवकाला जयंतीच्या वर्गणीआधी हे विचारा : बजेटच्या सभेत तुम्ही काय बोललात?

तरुण मित्रांनो, माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज करा आणि तीन वर्षांचा हिशेब मागा. सामान्य फंडातून कोणत्या वार्डात किती खर्च झाला? दलित वस्ती निधीतून कोणती कामे झाली, किती रक्कम पडून राहिली? दुर्बल घटक, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखलेल्या पैशाचे काय झाले? सफाईचे काम कंत्राटावर असेल तर ठेकेदाराला किती दिले आणि झाडू मारणाऱ्याच्या हाती किती पडले? तरतुदीचा रकाना पाहून टाळ्या वाजवू नका, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पाहा.

खाप्यासारख्या गावात हे काम चार पोरे एका महिन्यात करू शकतात. उत्तर आले की ते बुद्धविहारात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. बायाबापड्यांना त्यांच्या घरपट्टीचा हिशेब कळू द्या. पुढच्या बजेटच्या सभेआधी नगराध्यक्षांकडे जाणारे निवेदन मग विनवणीचे राहणार नाही, आकड्यांचे असेल.

जयभीम!