रुग्णाला सांगता येईल असा प्रश्न

भारतात वैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रमही बंधनकारक केला आहे. नियम उचितच आहे. परंतु नियमाने हजेरी लागते, जिज्ञासा जागी होत नाही. विषय बहुधा मार्गदर्शकाच्या सोयीने ठरतो, रुग्णसंख्या मागील प्रबंधावरून ठरते, आणि जमलेले आकडे संख्याशास्त्रज्ञाच्या स्वाधीन करून विद्यार्थी मोकळा होतो. प्रबंध बांधला जातो, मान्य होतो आणि कपाटात विसावतो.

याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वैद्यकीय शिक्षण त्याला निश्चित उत्तरे द्यावयास शिकविते. संशोधन मात्र उत्तराविषयी शंका घ्यावयास सांगते. हा पालट सूत्रे पाठ करून घडत नाही. त्यासाठी प्रश्न कसा जन्मतो, हे दाखवावे लागते.

मद्रासचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तेथे १९५६ मध्ये क्षयरोगावरील औषधोपचारांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. क्षयरोग्याला आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हवीच, अशी त्या काळची दृढ समजूत होती. खाटा मात्र थोड्या आणि रुग्ण अगणित होते. तीच औषधे घरी राहून घेतली तर काय होईल, हा प्रश्न या अडचणीतून उभा राहिला. कोणाला घरी ठेवावयाचे आणि कोणाला आरोग्यधामात, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविण्यात आले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे अन्न निकृष्ट आणि वस्ती दाटीची असूनही दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच होता.

येथे यदृच्छेचे मर्म विद्यार्थ्याला आपोआप उमगते. निवड डॉक्टरांवर सोपविली असती, तर अधिक आजारी माणसे आरोग्यधामात गेली असती आणि तुलना उपचारांची न होता रुग्णांची झाली असती.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. रुग्णालयाच्या नोंदवहीत हे सत्य कधीच उतरले नसते. जी आलीच नाही तिची नोंद कशी व्हावी? नमुना म्हणजे काय, हे या एका प्रश्नाने जितके कळते तितके व्याख्येने कळत नाही.

आता संमतिपत्राकडे पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर पुढे येते, आणि शेतमजूर बाई न कळलेल्या कागदावर अंगठा उठविते. हा केवळ भाषांतराचा दोष नव्हे. तिला तिच्या भाषेत ‘काय शोधतो आहे, तुला त्रास काय, लाभ कोणाला’ हे ज्याला सांगता येत नाही, त्याला स्वतःचा प्रश्नच नीट कळलेला नसतो.

म्हणून संख्याशास्त्राच्या पहिल्या तासापूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न वॉर्डात बोलल्या जाणाऱ्या भाषेत पाच वाक्यांत लिहावा आणि तो एखाद्या रुग्णाला समजावून सांगावा. तो समजला, तरच पुढे जावे. रात्रपाळ्यांनी थकलेल्या विद्यार्थ्यांना हे कोठून जमणार, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. त्यावर उपाय हा की, प्रत्येकाने अपुरा प्रबंध रचण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून एकच पुरेसा मोठा प्रश्न घ्यावा, आणि परीक्षकांनी नकारार्थी निष्कर्षालाही तेवढाच मान द्यावा.

प्रबंधासाठी रुग्ण आपले रक्त देतो, वेळ देतो, विश्वास देतो. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नको आहे, त्यासाठी ते मागण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही.