झोपेचे पैसे

गेल्या महिन्यात आण्णांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. लागोपाठ दोन दिवस दवाखाना, म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम आला. नातेवाईकांकडे उतरायचं नाही असं आण्णांनीच बजावलं होतं ("लोकांच्या दोन खोल्यांत आपण तिघं घुसायचं, बरं दिसत नाही"). तेव्हा आम्ही भावंडांनी वर्गणी काढून एक चांगलं महागडं हॉटेल घेतलं. ही बातमी अर्थातच आमच्या आधी कोल्हारला पोचली. परत आल्यावर आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, दोन रात्री नुसतं झोपायला एवढं पैसं?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न रास्त आहे आणि आत्याच्या तोंडून निघाला तरी तो बऱ्याच जणांच्या मनात होता हे मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर आहे, हो, झोपायलाच. महागड्या हॉटेलात पैसे मोजावेत अशी तेवढी एकच गोष्ट असते. झुंबर, पोहण्याचा तलाव, नाश्त्याला मांडलेले चाळीस पदार्थ यांतलं काहीही फुकट दिलं असतं तरी आण्णांच्या उपयोगाचं नव्हतं. (नाश्त्याला त्यांनी दूध आणि दोन टोस्ट खाल्ले.) त्यांनी उमेदीची वर्षं साखर कारखान्यात पाळ्या केल्या. कधी रात्री झोप, कधी दिवसा. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी झोप इतकी सावध झाली आहे की दाराची कडी वाजली तरी उठून बसतात. अशा माणसाला रात्रभर जागवून सकाळी डॉक्टरांपुढे न्यायचं आणि रक्तदाब वाढलाय म्हणून काळजी करत बसायचं, याला काय अर्थ आहे?

पण गंमत अशी की महाग हॉटेल म्हणजे शांत हॉटेल असं अजिबात नसतं. दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त अशाच एका पंचतारांकित ठिकाणी राहायची वेळ आली होती. खाली हॉलमध्ये कुणाचं तरी संगीत होतं. रात्री साडेबारापर्यंत खोलीतल्या टेबलावरचा ग्लास थरथरत होता. फोन केला तर पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, हॉल बंदिस्त आहे, नियमात बसतं."

नंतर नियम काढून वाचला. तो खरंच बोलत होता! केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहं आणि मेजवानीचे हॉल यांसारख्या बंदिस्त जागांना आतल्या आत वापरासाठी त्यातून सूट आहे. शिवाय वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सण-समारंभांसाठी राज्य सरकार रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. म्हणजे रस्त्यावरच्या आवाजापासून वाचायला आपण हॉटेलात जायचं आणि हॉटेलच्या पोटातला आवाज मात्र कायदेशीर.

आणि ते तारे? आपल्याकडे हॉटेलांना तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून मिळतात. हॉटेलवाल्याने स्वतःहून अर्ज करायचा असतो, सक्ती नसते. खोली केवढी, न्हाणीघर कसं, किती वेळ खायला मिळतं, असं मुख्यतः सोयींचं मोजमाप त्यात असतं. ते चुकीचं आहे असं नाही, पण झोपलेल्या माणसाला त्यातल्या बहुतेक गोष्टी दिसतही नाहीत. पाच तारे म्हणजे पाच पट शांतता, ही समजूत आपणच करून घेतलेली.

थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका. याच नियमांत व्यापारी भागासाठी रात्रीची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रहिवासी भागासाठी ४५. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितलं की नीट झोप लागायची तर झोपायच्या खोलीत ३० डेसिबलच्या आसपासच आवाज असावा. बाजारपेठेतल्या हॉटेलबाहेर नियम अगदी तंतोतंत पाळला गेला (हसू नका), तरी ५५चे ३० करायचं काम भिंती आणि खिडकीवर येतं. डेसिबलचा हिशोब साधा नाही, दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. तेव्हा पंचवीसचा फरक म्हणजे तीनशेपटीहून जास्त. दुहेरी काचेची, फटी नसलेली खिडकी हवी ती यासाठी. गालिचा कितीही जाड असला तरी हे काम त्याच्याने होत नाही.

या वेळी म्हणूनच मी तारे बाजूला ठेवले आणि मुंबईचा नकाशा पुढे घेतला. यातून जे कळलं ते इथे मांडतो, कुणाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे समुद्र दिसणारी खोली आणि शांत खोली या दोन वेगळ्या खोल्या आहेत. ताजमहाल हॉटेलचंच बघा. जमशेटजी टाटांचं हे हॉटेल १९०३च्या डिसेंबरात उघडलं. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा (आपल्या वैद्यांचं नाव फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो). तेव्हा मुख्य प्रवेश मागून, शहराच्या बाजूने होता आणि पाण्याकडची बाजू खोल्यांसाठी मोकळी होती. त्या वेळी समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते पुरं झालं १९२४ साली. आज त्याच धक्क्यावर दिवसभर जत्रा असते, घारापुरीच्या लाँचा तिथूनच सुटतात. मरीन ड्राइव्हचंही तेच. खिडकी आणि समुद्र यांच्यामध्ये केवढा रस्ता आहे हे फोटोत कळत नाही.

दुसरी, कचेऱ्यांचा भाग रात्री रिकामा होतो. बॅलार्ड इस्टेट हा पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१४च्या दरम्यान भराव घालून वसवलेला भाग. तिथल्या इमारतींची शिस्त जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवेही उभारलं. दिवसा तिथे फायलींची धावपळ, पण संध्याकाळी सात वाजून गेले की चिटपाखरू नसतं आणि रविवारी तर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. फोर्टातल्या आतल्या गल्ल्याही बऱ्याचशा तशाच. स्टेशनाजवळ किंवा बाजारात "मोक्याची जागा" घेण्यापेक्षा ही जागा बरी. आता तर भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते, त्यामुळे दक्षिण मुंबईत उतरून उपनगरातल्या दवाखान्यात जाणंही पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही.

तिसरी, विमानतळाजवळच्या हॉटेलांना उगाच घाबरू नये, पण तिथला त्रास वेगळा असतो. विमानांमुळे काचा बहुधा जाड असतात, मात्र परदेशी जाणारी-येणारी मंडळी रात्री दोन-तीन वाजता बॅगा ओढत बोळातून जातात. बाहेरून शांतता आणि दाराच्या फटीतून खडखडाट!

चौथी युक्ती आईची. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि विचारलं, "त्या तारखेला लग्नतिथी आहे का बघ." एवढा सोपा उपाय मला सुचला नव्हता. तिथी नसलेल्या दिवशी हॉल रिकामा असण्याची शक्यता जास्त. तरीही फोनवर सरळ विचारावं, त्या दोन रात्री हॉलचं बुकिंग आहे का? शेजारी जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम चालू आहे का? (मुंबईत हल्ली हे विचारलंच पाहिजे.) खोली लिफ्टला लागून, पोर्चवर किंवा गच्चीवरच्या बारच्या खाली नको. आणि दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असलेली तर नकोच, त्या दारातून शेजारच्यांच्या घरगुती गोष्टी सगळ्या ऐकू येतात.

मी असे प्रश्न विचारल्यावर फोनवरचा माणूस आधी गोंधळला. तो मला वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली देऊ करत होता. मी म्हटलं, काही दिसलं नाही तरी चालेल, ऐकू येता कामा नये. मग तो म्हणाला, "सर, मागे आतल्या चौकाकडे खोल्या आहेत, पण तिकडे व्ह्यू नाही. भाडंही कमी आहे." घ्या! ज्याच्यासाठी एवढा शोध चालला होता ते दुय्यम माल म्हणून स्वस्तात पडून होतं. तरी एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलंच, त्यामुळे अठरा टक्के जीएसटी लागला. त्या आकड्याच्या आत राहिलं तर सप्टेंबर २०२५पासून पाचच टक्के आहे. सरकारच्या लेखी ती चैन झाली. आमच्या लेखी औषध होतं.

आण्णा दोन्ही रात्री दहाला पडले ते सहाला उठले. घरात असं कधी झालेलं मला आठवत नाही. आईची मात्र पहिल्या रात्री पंचाईत झाली. तीन वाजता तिने मला उठवलं आणि हळूच विचारलं, "का रे, लाईट गेली का? काहीच कसं वाजंना?"

मला हसू आलं, पण नंतर बराच वेळ झोप आली नाही. कारण तिचं बरोबर होतं. आमचं घर नगर-मनमाड रस्त्यापासून फार लांब नाही. दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे ट्रक रात्रभर प्रवरेच्या पुलाकडे गिअर बदलत जातात. गळिताच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यावर पूर्ण ताकदीने लावलेली गाणी. शिर्डीला निघालेल्या पालख्यांबरोबर स्पीकरच्या गाड्या. लग्नसराईत डीजे. गाव म्हणजे शांत, शहर म्हणजे गोंगाट, हे आपण पुस्तकात वाचून पाठ केलं आहे. प्रत्यक्षात कोल्हारच्या माणसाला शांत झोप मिळावी म्हणून मुंबईच्या पोटात जाऊन अठरा टक्के करासह विकत घ्यावी लागली.

आणि ज्यांना ती विकत घेता येत नाही त्यांचं काय? परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर पथारी पसरून झोपलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली तर नशीब. रुग्णालयापासून शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, रात्री ४० डेसिबल, असं आपण वाचलेलं असतं. पण २०१७ साली नियम बदलला आणि सरकारने खास जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होईनाशी झाली. म्हणजे रुग्णालयाशेजारची शांतताही आता अर्ज-विनंतीची गोष्ट. तिकडून जाताना गाडीत मागे आण्णा डोळे मिटून बसले होते. आपण चौकाकडच्या खोलीत चाललोय याचं मला त्या क्षणी काही अप्रूप वाटलं नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे. घरात आजारी, म्हातारं माणूस असेल आणि ऐपत असेल तर शांत खोलीला पैसे खुशाल द्यावेत. त्यात उधळपट्टी नाही आणि लाजायचंही कारण नाही. मात्र पैसे देताना तारे, व्ह्यू आणि झुंबर विचारू नये, शांतता नाव घेऊन मागावी, कारण न मागता ती कुणी देत नाही. पण ती फक्त काउंटरवर मागायची, विकत घ्यायची आणि घरी आल्यावर विसरायची, हे काही बरोबर नाही. हॉटेलवाल्याला दहा प्रश्न विचारणारे आपण गावातल्या मांडवात मात्र कुणालाच काही विचारत नाही. तिथे आपण "एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे" म्हणतो. भाऊबंदकीत, शेजारपाजारात असे एकेक दिवस धरले तर अर्धी लग्नसराई होते.

तेव्हा एक गोष्ट इथेच जाहीर सांगून टाकतो, घरातले बहुतेक जण हे वाचतातच. येत्या सीझनला आपल्याकडे दोन कार्यं आहेत. नवरदेवाच्या मित्रांनी कितीही गळ घातली तरी दहाच्या ठोक्याला डीजे बंद, आणि स्पीकरची तोंडं वस्तीकडे नाहीत, रिकाम्या वावराकडे. ज्यांना नाचायचं आहे त्यांनी सहालाच सुरू करावं, मीही येतो. आण्णांची खोली मांडवापासून शंभर पावलांवर आहे, आणि तिच्या खिडकीला एकेरी काच आहे.