वीटभट्टीवरची नासाडी कोणाच्या खात्यावर?

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी 'लीन' योजना नव्याने सुरू केली. उत्पादनातील नासाडी शोधून ती थांबवण्याची ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीत तायची ओनो यांनी घडवली. सल्लागाराच्या शुल्कातील ९० टक्के वाटा सरकार उचलते. बारामती-इंदापूरच्या वीटभट्ट्यांना ही पद्धत नक्कीच उपयोगी आहे. पण ती तेथे रुजेल काय?

गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणे, विनाकारण वाहतूक, पडून राहिलेला साठा, सदोष माल हे ओनोंनी सांगितलेल्या सात नासाड्यांपैकी पाच प्रकार. भट्टीवर ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. माती एकीकडे, पाणी दुसरीकडे, थापायची जागा तिसरीकडे. निम्मा दिवस डोक्यावरून वाहण्यात जातो. अवकाळी पावसात कच्च्या विटांचा चिखल होतो. उघड्या भट्टीत आच सारखी लागत नाही. कडेच्या विटा कच्च्या राहतात, आतल्या जळून एकमेकींना चिकटतात. उपाय साधे आहेत : उंच ओटा, पाण्याला चर, ताडपत्री, थापणीजवळ माती आणि मागणी पाहून थापणी.

मग हे होत का नाही? कारण मजुरी हजार विटांमागे ठरते आणि अनेक भट्ट्यांवर भिजलेली वीट मोजलीच जात नाही. तीच माती मजुराने पुन्हा फुकट तुडवायची! ताडपत्रीचा खर्च मालकाचा, भिजलेल्या विटेचा तोटा मजुराचा. मग मालक ताडपत्री कशाला घेईल?

टोयोटात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो. उचल घेऊन मुलाबाळांसह आलेला आमचा दलित, भटका, आदिवासी मजूर कोणती दोरी ओढणार? जो भट्टी सोडून जाऊ शकत नाही, तो मालकाची चूकही दाखवू शकत नाही. म्हणजे नासाडीचे मूळ मातीत नाही, उचलीत आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीत अडकवणारे कर्जच रद्द केले. त्याच कायद्याने प्रत्येक उपविभागात दक्षता समिती सांगितली असून, तिच्यावर त्या भागातील अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती नेमायच्या असतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी बारामतीच्या प्रांत कार्यालयात जाऊन विचारावे : या तीन व्यक्ती कोण? समितीची बैठक कधी झाली? किती भट्ट्या तपासल्या? आणि मागणी एकच ठेवावी : थापलेली प्रत्येक वीट त्याच संध्याकाळी मोजून मजुराच्या वहीत लिहिली जावी. त्यानंतर भिजणारी वीट मालकाच्या खात्यावर पडेल, आणि ताडपत्री दुसऱ्याच दिवशी येईल.